स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळचे तीन सेट

लांब उडीच्या तयारीची ही हिवाळ्यातली नोंद. यावेळी विषय एकच: स्पर्धेच्या आदल्या दिवशी थोडंसं पण जड वजन मारलं तर दुसऱ्या दिवशी पायांत जास्त जोर येतो का? माझ्यापुरतं उत्तर 'येतो' असं आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऐन उडीआधीचा जड स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन खाली बसून उठणं) माहीत आहे. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. स्नायूवर मोठा ताण आला की आत कॅल्शियम सुटतं, त्यामुळे मायोसिनच्या (स्नायू आवळणारं प्रथिन) एका छोट्या साखळीला फॉस्फेट चिकटतो आणि तोच स्नायू तेवढ्याच कॅल्शियमवर जास्त जोराने आवळतो. वेगवान तंतूंमध्ये हे जास्त दिसतं, म्हणून उडी मारणाऱ्यांना त्याचं आकर्षण. पण ही फॉस्फेटची करामत काही मिनिटांतच ओसरते, आणि सेटचा थकवा उतरायलाही वेळ द्यावा लागतो. म्हणजे सेट संपल्यावर साधारण ५ ते १० मिनिटांची एक फट मिळते, तेवढ्यातच उडी पडली पाहिजे.

आता ही फट आमच्या नागपुरातल्या मानकापूरच्या ट्रॅकवर स्पर्धेच्या दिवशी सापडवून दाखवा! बार ठेवायचा रॅक कुठून आणायचा? कॉल रूममध्ये (स्पर्धेआधी खेळाडूंना जमवतात ती खोली) नंबर लावून बसवतात ते वेगळंच. ९ ची उडी १० ला सुरू होणं आपल्याकडे नवीन नाही. आणि सुरू झाली तरी पहिल्या आणि शेवटच्या उडीत सहज तासाभराचं अंतर पडतं. मिनिटांवर बेतलेली युक्ती तिथे टिकत नाही.

तासांवर बेतलेली टिकते. रग्बी खेळाडूंवरचा २०१४ चा एक अभ्यास आहे: सकाळी जड वजन उचललेल्या खेळाडूंची त्याच दुपारची ४० मीटर धाव आणि उडी, दोन्ही सुधारले. टेस्टोस्टेरॉन हे ताकदीशी जोडलेलं संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं. वजन उचललेल्यांत ही घसरण कमी दिसली. पुढे २०१९ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा एकत्र आढावा निघाला, त्यात सुमारे ६ ते ३३ तासांपर्यंत फायदा दिसल्याचं नोंदवलंय. अट एवढीच की वजन जड आणि काम कमी. इथे फक्त टेस्टोस्टेरॉन कारणीभूत आहे असं कोणी ठामपणे म्हणत नाही, मज्जासंस्थेचाही वाटा धरला जातो. मला मात्र त्या तासांचंच महत्त्व जास्त वाटतं. संध्याकाळी ५ ला वजन मारलं आणि सकाळी ९ ला उडी आली, तर मध्ये १६ तास होतात. स्पर्धा तास-दोन तास लांबली तरी काही बिघडत नाही.

माझा स्क्वॉट १२० किलोचा आहे, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त तेवढं उचलतो. आदल्या संध्याकाळी रिकामा बार, मग ६०, मग ८५, आणि त्यानंतर १०२ वर ३ रेप्सचे ३ सेट (एकदा बसून उठलं की एक रेप). मध्ये चार-चार मिनिटं पूर्ण विश्रांती. वर येताना बार जितका जोरात ढकलता येईल तितका ढकलायचा. तिसरा रेप पहिल्यापेक्षा डोळ्याला हळू दिसला की तिथेच थांबायचं, सेट राहिला तरी चालेल. घाम नीट फुटायच्या आत काम संपतं. नवीन व्यायाम एकही नाही. लंजेस (एक पाय पुढे टाकून बसणं) नाहीत, उंचावरून खाली उड्या नाहीत. सवय नसलेल्या, स्नायू ताणून सोडणाऱ्या व्यायामाची दुखी २४ ते ४८ तासांत सगळ्यात जास्त असते, म्हणजे स्पर्धेच्या वेळी ती चढतीवरच असणार.

आमच्यासोबत सराव करणारा कबड्डीवाला पोरगा पहिल्यांदा बघून म्हणाला, "दादा, उद्या स्पर्धा अन् आज स्क्वॉट? पाय बसतीन ना बाप्पा!" त्याची काळजी रास्त आहे. ५ सेट, १० रेप्स केले तर बसतीलच. म्हणूनच मोजून बघणं भाग होतं.

मोजमाप फोनवर. हात कमरेला, जागेवरून सरळ वर उडी, सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ. बुटाचं टोक रबरी मॅटवरून सुटतं ती फ्रेम आणि परत टेकतं ती फ्रेम शोधायची, एकेक फ्रेम पुढे-मागे सरकवत. सोलची कड आणि मॅट यांच्यामध्ये उजेडाची बारीक रेघ दिसली की ती सुटल्याची फ्रेम. हवेतला वेळ अर्धा सेकंद आला तर उडी ३०.७ सेंटिमीटर. एक फ्रेम इकडे-तिकडे म्हणजे साधारण अर्धा सेंटिमीटर, त्यामुळे एका फ्रेमच्या फरकाला मी किंमत देत नाही. आदल्या संध्याकाळी वजन मारलेल्या सकाळी बहुतेक वेळा दोन-तीन फ्रेम जास्त येतात, नुसत्या विश्रांतीनंतर येत नाहीत. रन-अपसह उडीत फरक आहे, पण तिथे बोर्डवर (उडी घ्यायची फळी) पाय कुठे पडतो यावरच खूप काही ठरतं, म्हणून त्या आकड्यांवर मी अजून निष्कर्ष काढत नाही.

थंडीचं वेगळं लिहायला हवं. जानेवारीत इथे पहाटे पारा १० च्या आसपास येतो, कधी खालीही जातो. स्नायूचं तापमान एका अंशाने वाढलं की जोर सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, तेव्हा संध्याकाळी कमावलेलं सकाळी गारठलेल्या मांड्यांनी घालवायचं नसेल तर ट्रॅकसूट बोर्डपर्यंत अंगावरच ठेवा. मी तो नाव पुकारल्यावरच काढतो.

जड स्क्वॉटचा पाया नसलेल्यांनी यात लगेच पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ताकदवान खेळाडूंना अशा पद्धतींचा फायदा जास्त मिळतो. ऐन उडीआधीच्या स्क्वॉटवरच्या संशोधनात स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन पटीच्या पुढचा स्क्वॉट असलेले वेगळे उठून दिसले. मी ७२ किलोचा, म्हणजे त्या रेषेच्या जरा खालीच.

आता उन्हाळ्यात जड स्क्वॉटऐवजी ४० किलोचा बार घेऊन जंप स्क्वॉट (खाली बसून वर उडी) करून बघणार आहे, म्हणजे कमाल वजनाच्या एक तृतीयांश. मे महिन्यात ५ वाजता जिमचा पत्रा तापलेला असतो, तेव्हा वेळ सकाळी ६ ची आणि फोनवरची उडी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. अंतर २४ तासांचं होईल.