दोन लिटर पाणी पिणारा माणूस खानदेशात राहत नाही

समजा, एमआयडीसीतल्या एका बंद प्लेटिंग शेडमागे पिवळट गाळाचा ढीग पडून आहे. उताराला पाचशे मीटरवर वावर, वावरात बोअर, आणि बोअरच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियम धातूचं विषारी रूप) निघालं लिटरला ०.२ मिलीग्रॅम. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ आहे, म्हणजे हे चौपट. बातमीला एवढं पुरतं. धोका किती आणि कोणाला, हे मात्र यातून कळत नाही. त्या बोअरचं पाणी कोण पितं, किती पितं, वर्षाचे किती महिने पितं, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसतं. ते वावरात जाऊनच विचारावं लागतं.

हिशोब तसा सोपा आहे. पाण्यातलं प्रमाण गुणिले रोजचं पाणी, भागिले शरीराचं वजन. आलेला आकडा म्हणजे दर किलो वजनामागे रोज पोटात जाणारी मात्रा. तिला त्या रसायनाच्या संदर्भ मात्रेने, म्हणजे आयुष्यभर रोज पोटात गेली तरी त्रास होऊ नये अशा मात्रेने, भागायचं. उत्तर एकच्या आत आलं तर काळजी कमी, एकच्या वर गेलं तर सुरक्षिततेसाठी राखलेलं अंतर आपण खायला लागलो. दहा आलं म्हणजे दहापट माणसं आजारी पडतील, असा अर्थ काढू नका. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची संदर्भ मात्रा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये किलोमागे रोज ०.००३ मिलीग्रॅमवरून ०.०००९ वर आणली. जुन्या अहवालांतून उचललेली गणितं म्हणूनच आता तीनपटीहून अधिक सौम्य दिसतात. अहवाल कोणत्या वर्षाचा आकडा धरतो, ते आधी बघा.

गडबड होते ती दुसऱ्याच जागी. बहुतेक तयार तक्त्यांत माणूस दिवसाला दोन लिटर पाणी पितो आणि त्याचं वजन साठ-सत्तर किलो असतं. पारा ४५ च्या घरात गेलेला असताना केळीच्या बागेत घड कापणारा किंवा पऱ्हाट्या उपटणारा मजूर दोन लिटर तर सकाळी दहालाच संपवतो. ५० किलो वजनाची मजूर बाई उन्हाळ्याचे चार महिने पाच लिटर आणि उरलेले आठ महिने तीन लिटर पिते असं धरलं, तर वर्षाची सरासरी ३.७ लिटर पडते. ०.२ गुणिले ३.७ भागिले ५० म्हणजे सुमारे ०.०१५. संदर्भ मात्रेने भागलं की १६. तोच हिशोब ‘दोन लिटर, साठ किलो’ने केला तर साडेसात येतो. पंधरा किलोचं पोर दिवसाला सव्वा लिटर पीत असेल तर त्याचा आकडा १८ वर जातो. पाणी एकच, बोअर एकच, अहवाल एकच. आणि हो, मे महिन्याचं पाच लिटर बारा महिने धरू नका, तीही चूकच.

प्रश्नावलीत ‘पिण्याचं पाणी कोणतं?’ एवढंच विचारलं की उत्तर येतं ‘आरओचं जार’. मग पथक त्या घराचा धोका शून्य लिहून मोकळं होतं. पेवानं पानी जारचं असतं, पण वरणभात, चहा आणि ताक बोअरच्या पाण्याचं असतं. शिवाय जार घरी असतो, वावरात नसतो. म्हणून पिण्याचं, स्वयंपाकाचं, वावरातलं आणि गुरांचं असं चार ठिकाणचं पाणी वेगवेगळं विचारायचं. उकळल्याने क्रोमियम जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. अतिनील दिव्याचं साधं फिल्टरही इथे निरुपयोगी. आरओने बरंच कमी होतं, पण ते टाकलेलं खारट पाणी कुठे सोडता तेही विचारून घ्या.

आता नमुन्यांकडे. कारखान्याभोवती वर्तुळ आखून दर दिशेला एक विहीर घेण्याची पद्धत आपल्या जमिनीला लागू पडत नाही. बेसॉल्टमध्ये पाणी सांध्यांतून आणि मुरुमाच्या थरातून वाहतं. धुळे-नंदुरबारकडे तर जमिनीत डाइकच्या, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्ह्याच्या, भिंतीच भिंती उभ्या आहेत. एखादी डाइक पाणी अडवते, एखादी तडकलेली असली तर तेच पाणी दूरवर नेते. शंभर मीटरवरची विहीर स्वच्छ आणि किलोमीटरवरची बिघडलेली, असं सापडलं तर मोजमापाला दोष देण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा नकाशा बघा. चोपडा, यावल, रावेरच्या गाळाच्या पट्ट्यात मामला निराळा. तिथे थर जाड आहेत आणि उपसा प्रचंड आहे, त्यामुळे पाण्याची दिशा नैसर्गिक उतारापेक्षा आजूबाजूच्या पंपांवर ठरते.

काळ्या मातीचा स्वभावही लक्षात घ्या. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या वेळी सांडलेलं रसायन मातीला न शिवता सरळ खाली जातं. पावसाळ्यात भेगा मिटल्यावर हीच माती शिसं, कॅडमियम धरून ठेवते. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम मात्र तिच्या हाती लागत नाही. ते ऋणभारित असतं आणि आपली माती अल्कधर्मी, त्यामुळे ते पाण्याबरोबर पुढे निघून जातं. म्हणून नमुने किमान दोनदा घ्यावे लागतात, मे महिन्यात एकदा आणि पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदा. जमलं तर पहिल्या दमदार पावसानंतर लगेच तिसऱ्यांदा, कारण ढिगाऱ्यावरचं सगळं तेव्हाच धुऊन येतं. उताराच्या वरच्या बाजूच्या, कारखान्याशी संबंध नसलेल्या दोन-तीन विहिरींची पाणीतपासणी सोबत हवीच. केळी आणि कपाशीच्या भागात नायट्रेट युरियामुळेही लिटरला ४५ मिलीग्रॅमच्या मर्यादेवर जातं. ते कारखान्याच्या नावावर मांडलं की समोरचा वकील पहिला तोच मुद्दा धरतो.

बोअर सुरू करून लगेच बाटली भरू नका. पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्या, तापमान, पीएच आणि क्षारता स्थिर झाली की मग भरा. टाकीचं पाणी कधीच नको. धातूंसाठी प्लास्टिकची बाटली, ०.४५ मायक्रॉनचं गाळण आणि पीएच दोनच्या खाली येईल इतकं नायट्रिक ॲसिड. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची बाटली वेगळी, तिच्यात ॲसिड अजिबात नाही, बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत. एकाच बाटलीत दोन्ही उरकायला गेलं की ॲसिडमुळे हेक्झाव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट, म्हणजे कमी विषारी रूप होतं आणि अहवालात धोका गायब होतो. बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या द्रवांसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी, आत हवेचा बुडबुडासुद्धा नको. दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी नमुना आणि एक कोरी (नुसत्या शुद्ध पाण्याची) बाटली पाठवली तर प्रयोगशाळेचीही परीक्षा होते.

अहवालात ‘बीडीएल’ दिसलं की हायसं वाटतं. बीडीएल म्हणजे यंत्राच्या मोजमर्यादेखाली, एवढंच. आर्सेनिकची मानक मर्यादा ०.०१ आणि प्रयोगशाळेची मोजमर्यादा ०.०५ असेल, तर तो बीडीएल कोऱ्या कागदाइतकाच. नमुने पाठवण्याआधीच प्रत्येक रसायनाची मोजमर्यादा लेखी मागा. ती मानकाच्या निम्मी किंवा त्याहून कमी असायला हवी.

रंग आणि वास फसवतात. क्रोमियममुळे पाणी पिवळसर दिसायला लागतं तोवर ते साधारण एक मिलीग्रॅमच्या पुढे, म्हणजे मर्यादेच्या वीसपट गेलेलं असतं. फिनॉलचं उलटं. ते नखभर असलं तरी ग्रामपंचायतीने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की पाण्याला औषधासारखा वास मारतो. गावकरी टीसीएल जास्त झाली म्हणतात, पण असा वास वारंवार येत असेल तर फिनॉल तपासून घ्यावं. आणखी एक गैरसमज हिरव्या कार्डाचा. ग्रामपंचायतीला मिळणारं लाल, पिवळं, हिरवं कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता आणि जंतूंचा धोका सांगतं. हिरवं कार्ड आहे म्हणून क्रोमियम नाही, असं होत नाही.

पाण्याव्यतिरिक्तचे मार्ग थोडक्यात. ढिगाऱ्यावरची धूळ उन्हाळी वाऱ्याने उडते, अनवाणी खेळणारी पोरं ती हातातोंडातून खातात. मेथी-पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम फळांपेक्षा जास्त ओढतात, म्हणून नाल्याच्या पाण्यावरचा भाजीपाला केळीच्या आधी तपासायचा. गाळ ‘खत’ म्हणून कोणी वावरात टाकला का, हेही विचारा, आढेवेढे घेत का होईना, सांगतात.

‘गावात कॅन्सर वाढला का’ या प्रश्नावर सगळं मूल्यमापन टांगू नका. आयुष्यभरात दहा हजारांत एक जादा रोगी, हा धोका नियामकांच्या नजरेत मोठाच. पण दोन हजार वस्तीच्या गावात त्याचा हिशोब ०.२ रोगी येतो. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत तो कधीच दिसणार नाही. लघवीतलं क्रोमियम तर गेल्या काही दिवसांचाच हिशोब देतं. दोन महिन्यांपूर्वी बोअर बंद केली असेल तर ती तपासणी करून पैसे वाया घालवू नका.

दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार संशयित जागा कळवण्याची जबाबदारी स्थानिक संस्था आणि जिल्हा प्रशासनावर आहे, आणि पुढची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने मुदतीत करायची आहे. अर्जात ‘प्रदूषण होत आहे’ एवढं लिहू नका. गट क्रमांक, ढिगाऱ्याची लांबी-रुंदी-उंची, उताराची दिशा, ५०० मीटरमधल्या विहिरी-बोअर आणि प्रत्येकीवर किती घरं अवलंबून आहेत, एवढं एका कागदावर द्या.

बोअर पिण्यासाठी बंद केली की शेतकरी पन्नास फुटांवर दुसरी घेतो, बहुतेकदा जास्त खोल. तिथे तीन-चार महिने पाणी चांगलं लागतंही. मग तिचाच उपसा दूषित पाणी आपल्याकडे ओढून आणतो, आणि खोलवरचा आतापर्यंत शाबूत असलेला थरही बिघडतो. नवी बोअर घ्यायचीच असेल तर उताराच्या वरच्या बाजूला घ्या, आणि पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी तिचं पाणी तपासा.