ताग कोणता, हे विचारल्याशिवाय जाळे कळत नाही

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात परवा एक काका फाटलेला पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, सांधत बसले होते. आसाची, म्हणजे जाळ्याच्या डोळ्याची, रुंदी डाव्या हाताच्या बोटांवर मोजत, बांबूच्या सुईने नायलॉनची गाठ आवळत. मी त्यांना विचारले, ‘‘पूर्वी हे कशाचे असायचे?’’ ‘‘सुताचे, नाहीतर तागाचे,’’ ते म्हणाले.

या ‘ताग’ शब्दाने मला बराच काळ चकवले होते. आपण गोणपाटाच्या धाग्यालाही ताग म्हणतो, पण तो ज्यूट खाऱ्या पाण्यात लवकर कुजतो. जाळ्यांसाठी लागे तो पिवळ्या फुलांचा, शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो, शेंगावर्गातला ताग. त्याची साल पाण्यात भिजवून, झोडपून काढलेले सूत चिवट असते आणि ओलेपणी ताकद गमावत नाही. खाडीच्या तोंडाशी ओहोटी-भरतीचा ताण सोसणाऱ्या, शेपटाकडे आस बारीक होत जाणाऱ्या, पिशवीसारख्या डोल जाळ्याला असाच धागा हवा. सुती जाळे मात्र जिवाणू खातात, म्हणून ते ऐनाच्या सालीच्या काढ्यात पुन्हापुन्हा बुडवावे लागे. सालीतले टॅनिन हे तुरट द्रव्य कुजणे लांबवते. दोरखंडांना काथ्या, कारण तो तरंगतो.

काकांचा पाग तेवढ्यात सांधून झाला आणि त्यांनी कडेच्या शिशाच्या गोळ्या एकेक चाचपून पाहिल्या.