भरावावरच्या बाभळी आणि सांडव्यातली पोती

सोलापूर जिल्ह्यात ७२ च्या दुष्काळातले पाझर तलाव गावोगावी आहेत, आमच्या गावचा त्यातलाच, आणि त्याच्या भरावावर वेड्या बाभळीचं नुसतं रान माजलंय. लोक म्हणतात झाडांनी माती धरून ठेवलीय, पण तसं नसतंय ओ, झाड वाळलं की मूळ आत कुजतं आणि त्या पोकळीतनं पाणी वाट काढतं.

परवा खालच्या अंगाला उतरून बघितलं. पायथ्याला पाझर आहे. मातीच्या भरावाला थोडा पाझर असतोच, त्याला घाबरायचं नाही, फक्त बाटलीत धरून बघायचं, नितळ असेल तर ठीक, गढूळ आलं तर आतली माती चाललीय, लगेच तहसीलला फोन करा.

मला खरी धास्ती सांडव्याची आहे, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जिथनं बाहेर पडतं त्या वाटेची. पाणी जास्त साठावं म्हणून तिथं वाळूची पोती रचलीत. आपल्याकडं पाण्याची किंमत काय ते मला पण कळतं, पण पाणी मातीच्या भरावावरनं गेलं तर काही तासांत सगळं वाहून जाईल आणि खाली वस्ती आहे. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होतो, आमचा बांध त्यात बसतच नाही. चिपळूणचं तिवरे धरण पण मातीचंच होतं, २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं.

सोलापूरजवळचा एकरुखचा तलाव १८७१ चा, तोही मातीचाच, अजून उभा आहे. येत्या ग्रामसभेत पोती काढायचा विषय मांडतोय, गावकऱ्यांनो, या.