तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लॅपच्या बाबतीत ऐकायचं कोणाचं?

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारून झालाय की आता लिहूनच टाकतो. फ्लॅप म्हणजे विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेची खाली उतरणारी पट्टी, ती किती डिग्री उतरवायची यावरून हा वाद. विद्यार्थी विचारतात, त्यांचे वडील विचारतात, मागे नागपूरला धरमपेठेत एका साखरपुड्यात पंगतीला बसल्यावर एका काकांनी विचारलं. प्रश्न तोच: ज्यांनी अख्खं आयुष्य एअरलाइनमध्ये काढलं ते कॅप्टन सांगतात की टेकऑफला फ्लॅप घ्यायचेच, आणि तुम्ही छोट्या सेस्नावर पोरांना उलटं शिकवता, मग तुमचं काहून ऐकायचं?

उलटं नाही शिकवत हो. मी आधी विचारतो, विमान कुठलं? सेस्ना १७२ म्हटलं की लोकांना वाटतं सगळी सारखीच. १७२ एन या मॉडेलच्या हँडबुकमध्ये, म्हणजे कंपनीच्या पुस्तकात, नॉर्मल टेकऑफ फ्लॅप वर, म्हणजे बंदच ठेवून आहे, १० डिग्री घेतले तर जमिनीवरची धाव साधारण १० टक्के कमी होते पण ५० फुटांचा अडथळा पार होईपर्यंत तो फायदा निघून जातो, हे त्यातच लिहिलंय. नंतर आलेल्या १७२ पीमध्ये त्याच १० डिग्रीने धावही कमी होते आणि अडथळ्यापर्यंतचं अंतरही. एनचे फ्लॅप ४० पर्यंत उतरतात, पीचे ३० वर थांबतात. म्हणजे दोन अनुभवी माणसं तासभर भांडू शकतात आणि दोघंही खरं बोलत असतात, फक्त विमान वेगळं हे दोघांपैकी एकानेही विचारलेलं नसतं.

कॅप्टन लोकांचा ठामपणा कुठून येतो तेही मला कळतं. २००८ साली माद्रिदला स्पॅनएअरचं एमडी-८२ जेट फ्लॅप न उघडताच निघालं, १५४ माणसं गेली. त्याआधी १९८७ ला डेट्रॉइटला तसंच. एअरलाइनच्या बहुतेक जेटमध्ये फ्लॅपशिवाय टेकऑफ म्हणजे मरण, आणि ज्याने आयुष्यभर चेकलिस्टवर ते वाचलं त्याच्या अंगात ते मुरणारच. त्याची भीती खरी आहे, पण ती दुसऱ्या विमानाची आहे.

आता जे मी सहसा सांगत नाही ते सांगतो.

मी शिकत होतो तेव्हाची गोष्ट, मे महिना, दुपारचे चार, पारा ४५ ला. आपलं विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे पण तेवढ्या उन्हात डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विमानाला जाणवणारी उंची, जवळपास ५,००० फुटांवर जातं, म्हणजे इंजिन आणि पंख दोघांनाही पातळ हवेत काम करावं लागतं. विमान १७२ एन, टाक्या भरलेल्या, मागे अजून एक विद्यार्थी, आणि उजव्या सीटवर एअरलाइनमधून रिटायर झालेले एक कॅप्टन, ज्यांचा आम्हा सगळ्यांना प्रचंड आदर होता. ते म्हणाले, २० घे, गरमी आहे, सेफ राहील. मी घेतले. रनवे ३,२०० मीटरचा, पण आम्ही मधल्या टॅक्सीवेवरून आत आलो होतो, त्यामुळे पुढे तेवढा उरलेला नव्हता. विमान लवकर उचललं, फारच लवकर, आणि मला क्षणभर वाटलं बघा, म्हणतात ते खरंच आहे. मग जमिनीलगतचा ग्राउंड इफेक्टचा आधार सुटला आणि विमान वर जाईचना. नाक वर, स्पीड नाही, स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल सुटत आल्याचा भोंगा रडायला लागलेला, रनवे मागे पडलेला आणि समोर जयताळ्याकडची घरं. मागच्या मुलाचा आवाजच बंद. माझा हात योक, म्हणजे नाक वर-खाली करायचं हँडल, ओढायला निघाला होता.

कॅप्टननी माझ्या हातावर हात ठेवून नाक खाली दाबलं, घरं समोर दिसत असताना खाली, आणि तसंच धरून ठेवलं. फ्लॅपच्या लिव्हरला शिवलेसुद्धा नाहीत, कारण तेव्हा एकदम वर केले असते तर विमान खाली बसलं असतं. स्पीड ६० नॉटच्या पुढे गेल्यावर मग थोडे, मग थांबून अजून थोडे. इतका शांत हात मी नंतर कधी पाहिला नाही.

खाली आल्यावर म्हणाले, बघ, फ्लॅप होते म्हणून वाचलो.

मी त्यांना हँडबुकमधलं लिमिटेशनचं पान दाखवलं, टेकऑफची परवानगी ० ते १० डिग्री, २० नाहीच. ते म्हणाले, पुस्तकं वकील लिहितात. आणि विषय संपला.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो, ज्याने तुला वाचवलं त्यालाच तू खोटं पाडतोस? मी म्हणतो, संकट आणलं कोणी? तो म्हणतो, पुस्तकातले आकडे नव्या विमानावर कसलेल्या टेस्ट पायलटने काढलेत, तुमच्या जुन्या विमानाला ते लागू पडतात का? इथे मात्र मला गप्प बसावं लागतं, कारण तेही बरोबर आहे. पण आकडे गाठणं जुन्या विमानाला अजून जड जातं, म्हणून १० च्या जागी २० घ्यायचे हे त्यातून कसं निघतं ते अजून कोणी मला समजावलेलं नाही.

स्लिपचंही तेच, म्हणजे उंची लवकर कमी करायला विमान मुद्दाम तिरकं उडवणं. फ्लॅप पूर्ण उघडे असताना १७२ ची स्लिप केली तर विमान पडतं, असं छातीठोक सांगणारे भेटतात, आणि काही होत नाही म्हणणारेही. एनच्या हँडबुकमध्ये इतकंच आहे की २० च्या वर तीव्र स्लिप टाळा, कारण ठरावीक स्पीड, स्लिपचा कोन आणि वजनाची मांडणी जुळून आली तर एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरची नाक वर-खाली करणारी पट्टी, किंचित डोलतो. टाळा म्हटलंय, मनाई नाही, आणि कारणही दिलंय. जो कारणासकट सांगतो त्याच्याकडे मी जरा जास्त लक्ष देतो, त्याचे उड्डाणाचे तास कितीही असोत.

एका विद्यार्थिनीने मला तोंडावर विचारलं, सर, तुम्ही जेट उडवलंच नाही, तुमच्यावर तरी काहून विश्वास ठेवू? नाही उडवलं. जेटबद्दल काही असलं तर मी तिला त्याच कॅप्टनसारख्या माणसाकडे पाठवीन. १७२ चे फ्लॅप असतील तर तिने माझ्यासमोर हँडबुक उघडून माझा आकडा तपासावा, मला राग येत नाही. पण भोंगा वाजत असताना नाक खाली दाबून थांबणारा हात कोणाचा, हे हँडबुकमध्ये सापडत नाही, आणि ते आधीच कसं ओळखायचं हे तिला शिकवायला मला अजून जमलेलं नाही.