वर्बेटिमची वही

समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्या बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी कुणीतरी सांगितलेले असते की, तुझ्याशी बोलले की मन हलके होते. मीही त्याच भरवशावर प्रवेश घेतला होता. पहिल्याच सत्रात या भरवशाला धक्का बसतो आणि माझ्या मते तो बसायलाच हवा. कारण जवळच्या माणसाचे ऐकताना आपण धीर देतो, सल्ला देतो, स्वतःचा अनुभव सांगतो, आणि समुपदेशनाच्या खोलीत बहुतेक वेळा याच तीन गोष्टी समोरच्याच्या बोलण्याच्या आड येतात.

सिद्धांतांचा अभ्यास आवश्यक आहे, पण त्याविषयी फार लिहावे असे मला वाटत नाही. फ्रॉइड, अ‍ॅडलर, बेक, एलिस यांच्या विचारपद्धती, मानसविकृतींची लक्षणे, मानवी विकासाचे टप्पे, संशोधनपद्धती हे सगळे वाचून परीक्षेत उत्तम लिहिता येते. अपवाद करायचा तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या 1957 मधील प्रसिद्ध निबंधाचा करावा लागेल. व्यक्तीत बदल घडण्यासाठी त्यांनी त्यात सहा अटी मांडल्या आणि त्यांपैकी समुपदेशकाकडून अपेक्षित असलेल्या तीन, म्हणजे सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणे, सगळ्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. सहावी अट मात्र घाईत वाचली जाते. हा स्वीकार आणि ही समज निदान काही प्रमाणात तरी क्लायंटला जाणवली पाहिजे, असे ती अट सांगते. समुपदेशकाच्या मनात कितीही आस्था असली, तरी ती समोर पोहोचली नसेल तर काम झालेले नाही. पुढच्या सगळ्या प्रात्यक्षिकांचे मर्म मला या एका अटीत दिसते.

पोहोचले की नाही, हे कळण्याची सोय वर्गात रोल-प्लेपासून सुरू होते. तिघांचा गट असतो: एक समुपदेशक, एक क्लायंट आणि एक निरीक्षक. अ‍ॅलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात मुलाखतीची कौशल्ये सुटी करून, व्हिडिओच्या साहाय्याने एकेक शिकवण्याची जी पद्धत बसवली, तिचाच हा वारसा आहे. आज फक्त खुले प्रश्न, उद्या फक्त आशय आपल्या शब्दांत परत मांडणे, परवा फक्त भावनेचा निर्देश. सुरुवातीला हे सारे अत्यंत कृत्रिम वाटते, आणि वर्गातला एखादा हजरजबाबी विद्यार्थी दोन आठवडे प्रत्येकाला 'म्हणजे तुला असं वाटतंय की...' असे म्हणून हैराण करतो. तरीही ही कवायत टाळू नये, असे माझे मत आहे.

त्यानंतर प्रत्यक्ष क्लायंट येतात, आणि त्यांच्यासोबत वर्बेटिमची, म्हणजे शब्दशः नोंदींची, वही. क्लायंटची लेखी संमती घेऊन सत्र ध्वनिमुद्रित करायचे, त्यातला दहा-पंधरा मिनिटांचा भाग शब्दशः उतरवायचा आणि पानावर रकाने पाडायचे: क्लायंट काय म्हणाला, मी काय म्हणाले, तेव्हा माझ्या मनात काय चालले होते, आणि दुसरे काय म्हणता आले असते. हे काम कंटाळवाणे असते, त्यातून स्वतःचा आवाज ऐकणे तर नकोसेच वाटते. पण स्मरणाने लिहिलेला अहवाल आपली बाजू नकळत सावरून घेतो. ध्वनिमुद्रण तसे करत नाही. रॉजर्स यांनी 1940 च्या सुमारास ओहायो स्टेट विद्यापीठात सत्रे तबकड्यांवर मुद्रित करायला सुरुवात केली, तेव्हा दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे. एवढा खटाटोप करून एका संपूर्ण प्रकरणाचा शब्दशः संवाद त्यांनी 1942 मध्ये छापला. तोवर बंद दाराआडचे हे काम असे इतरांना तपासायला फारसे मिळतच नव्हते.

एक उदाहरण देते. ते मी रचलेले आहे, कारण खऱ्या सत्रांतले संवाद इथे येणार नाहीत. क्लायंट म्हणते, 'बाबा गेल्यापासून सगळे मलाच विचारतात, आता पुढे काय करायचं.' समुपदेशक म्हणतो, 'तुम्ही खंबीर आहात, यातून नक्की मार्ग काढाल.' वाक्य चांगल्या हेतूचे आहे. कागदावर उतरवल्यावर पर्यवेक्षक, म्हणजे शिकाऊ समुपदेशकाचे काम तपासणारे, मात्र एवढेच विचारतात, की यातून धीर कुणाला मिळाला? क्लायंटच्या खांद्यावर अपेक्षा टाकणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली, आणि तिचे पुढचे वाक्य 'हो, बघू' एवढेच आहे. चौथ्या रकान्यात मग कुणीतरी लिहितो: 'सगळ्यांना उत्तरं द्यायची, आणि तुमचेही बाबा गेलेत हे बोलायला जागाच उरत नाही.' हे वाक्यही चुकू शकते. पण चुकले तर क्लायंट ते दुरुस्त करू शकते. खंबीरपणाच्या प्रशस्तिपत्राला दुरुस्त कसे करणार?

तासांचा हिशेबही इथेच नीट समजतो. अमेरिकेतील समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केक्रेप ही संस्था आधी 100 तासांचा सराव आणि नंतर 600 तासांची इंटर्नशिप मागते. त्यांपैकी क्लायंटसोबतचे प्रत्यक्ष काम अनुक्रमे किमान 40 आणि 240 तासांचे असावे लागते. बाहेरच्याला हे प्रमाण कमी वाटेल, पण उरलेला वेळ नोंदी, तयारी, चर्चा आणि पर्यवेक्षण यांत जातो, आणि सत्रात निसटलेले बरेच काही तिथे हाती लागते. म्हणून अभ्यासक्रम निवडताना विषयांच्या यादीपेक्षा एक गोष्ट आधी विचारावी: पर्यवेक्षक प्रत्यक्ष सत्र ऐकतात, की विद्यार्थ्याने सांगितलेल्या हकिकतीवर भागवतात?

गोपनीयतेचा करारही क्लायंटशी पहिल्या भेटीतच करावा लागतो. मुद्रण कोण ऐकणार, कधी पुसले जाणार, आणि जिवाला धोका असेल तेव्हा गुप्तता कुठे थांबते, हे क्लायंटला आरंभीच सांगायचे असते. मी शिकाऊ आहे आणि विद्यापीठाचे शैक्षणिक सत्र संपले की इथून जाणार आहे, हेही तेव्हाच. विद्यापीठाचे वेळापत्रक क्लायंटच्या गतीने चालत नाही. कुणाचे बोलणे नेमके खुलू लागते तेव्हा परीक्षा आलेली असते. त्यामुळे शेवटची काही सत्रे निरोपासाठीच राखून ठेवावी लागतात: आतापर्यंत काय झाले, काय राहिले, पुढे दुसऱ्या समुपदेशकाकडे जायचे का, आणि जायचे तर कोणत्या नोंदी त्याच्याकडे द्यायच्या, हे सारे क्लायंटला विचारून ठरते.