आमची वाटचाल: खजुरी बाजारातलं बाइंडिंगचं दुकान

बाइंडिंगवाल्यांना वेगळं सांगायला नको, आपल्या धंद्यातली जुनी मशिनं बहुतेक पायाची. वहीला तारेच्या पिना मारायची पिनिंग पायाची, पावती फाडायला भोकांची रेघ पाडणारं पर्फोरेशन पायाचं, छपाईची ट्रेडल पण पायाचीच. आणि मला लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा. तरी २००४ पासून इंदूरच्या खजुरी बाजारामागे आमचं दुकान चालू आहे, आज सहा जण कामाला आहेत आणि त्यातल्या चौघांकडे अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे. हे मी छाती काढून सांगतो, कारण ह्याच शहरात मला कोणी कामावर ठेवलं नव्हतं.

बीकॉम झालो तेव्हा १९९५ चा कायदा नवा होता. सरकारी नोकरीत ३ टक्के जागा, त्यातला १ टक्का हातापायाच्या अपंगांना. घरचे म्हणाले, चला, ह्याचं भागलं. मी टायपिंग पास केलं, फॉर्म भरत राहिलो. एका ऑफिसचा इंटरव्ह्यू तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मी कठड्याला धरून वर गेलो तर साहेबांचा पहिला प्रश्न, रोज एवढे जिने चढाल का? टायपिंगचा स्पीड कोणी विचारला नाही. प्रायव्हेटवाले फोनवर या म्हणायचे, दारात कॅलिपर दिसला की जागा भरलेली असायची. हे आजही डोक्यातून जात नाही.

शेवटी जेल रोडच्या एका प्रेसमध्ये म्हातारे जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारे, होते त्यांनी बसवून घेतलं, का तर जुजबंदी, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवणं, हाताने होते, त्याला पाय लागत नाही. दाभण, दोरा, घोटायची पट्टी आणि मैद्याची खळ. खळीत मोरचूद किती टाकायचं हे त्यांच्याकडूनच शिकलो, कमी पडलं तर कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागते. पुढे स्वतःचं दुकान काढलं तेव्हा सेकंडहँड पिनिंग मशीन घेतली आणि पेडलवर अडलो. उभं राहून एका पायावर भार टाकून दाबणं मला दिवसभर जमणारं नव्हतं. लोहामंडीत एक वेल्डर होते, त्यांना मशीन दाखवली, त्यांनी पेडलचा रॉड वर घेऊन उजव्या हाताशी लिव्हर काढून दिला, खाली स्प्रिंग बदलली, आणि मी स्टुलावर बसून पिना मारायला लागलो. जुन्या लोखंडातच काम झालं, नव्या पेडलला जेवढे पैसे लागतात त्याहून कमीत. तो लिव्हर अजून त्याच मशीनवर आहे, आता त्यावर आमच्या काकू बसतात, त्यांना पण पोलिओच.

म्हणून माणूस ठेवायच्या आधी 'हा काय करू शकेल' हे लांबून ठरवू नका, त्याला मशीनजवळ न्या आणि त्यालाच विचारा कुठे अडतंय. बहुतेक वेळा एखादा रॉड, एखादी पायरी, टेबलाची उंची, एवढंच असतं. आणि सर्टिफिकेट आहे म्हणून जन्मभर खळ लावायलाच बसवू नका, मशीन द्या हातात.

आमचा कटरवाला जन्मापासून बहिरा, गल्लीत सगळे त्याला उस्ताद म्हणतात. अमृतसरची बत्तीस इंची कटिंग मशीन त्याच्याकडे. लोक मला म्हणायचे, बहिऱ्याला कटरवर बसवतोस, हात जाईल त्याचा. अरे बाबा, पातं काय ओरडून खाली येतं का? डोळ्यांनीच बघावं लागतं, कान असले तरी. पात्याची धार गेली की तो टेबलावर हात ठेवून सांगतो, आणि मग कापलेल्या रीमची कड बघा, खरंच दाते दिसतात. बोलवायला घंटी नाही, बल्ब लावलाय. जॉबकार्ड लिहून देतो, साईज, नग, कुठून किती कापायचं. ती लिहायची सवय इतकी चांगली की आता सगळ्यांचंच काम लिहून चालतं.

मधली वर्षं बरी गेली, शाळेच्या उत्तरपत्रिका, बिलबुकं, दिवाळीच्या लाल वह्या. मग आलं २०१७.

१ जुलैला जीएसटी लागू झाला आणि जुन्या व्हॅटचा टिन नंबर छापलेली सगळी बिलबुकं एका रात्रीत रद्दी. नवीन छापा, १५ आकडी-अक्षरी जीएसटी नंबर टाका, मालाचं बिल तीन प्रतीत, कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला, कर न दाखवलेलं बिल ऑफ सप्लाय. सियागंजपासून क्लॉथ मार्केटपर्यंत सगळ्यांना लगेच हवं. आमच्यासाठी ती वर्षाची नाही, दहा वर्षांची कमाई होती. तेव्हाच गल्लीतल्या दुसऱ्या एका बाइंडरने, नाव घेत नाही, गिऱ्हाइकांना गाठून सांगायला सुरुवात केली की तिकडे लंगड्या-बहिऱ्यांचं दुकान आहे, वेळेवर काम मिळायचं नाही, नंबरिंग, म्हणजे बिलांवरचे अनुक्रमांक, चुकेल. माझी वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं गेली. त्यावर उस्तादलाच जास्त पगार दाखवून नेलं. म्हणजे तोंडाने बहिरे कामाचे नाहीत म्हणायचं आणि माणूस मात्र आमचाच हवा! तिथे त्याला कोणी लिहून देईना, लांबून हाका मारायचे, त्याने बघितलं नाही की शिव्या, सीझन सरला तसं काढून टाकलं. माझ्याकडे तोवर कागदवाल्याची उधारी चढलेली, भाडं थकलेलं, साईड व्हीलची स्कूटर विकली. त्यानंतर बरेच दुकानदार कॉम्प्युटरवर बिलं काढायला लागले, ते काम परत आलंच नाही. मला अजून राग आहे आणि तो राहणार. रेटमध्ये हरवलं असतं तर धंदा आहे म्हटलं असतं.

त्या वर्षी दुकान तगलं ते रामबागेतल्या वकीलकाकांमुळे. हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात प्रॅक्टिस, दरवर्षी त्यांचे लॉ जर्नलचे अंक आमच्याकडे बांधायला, जुजबंदी, रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं. तेव्हा त्यांनी बार रूममध्ये आमचे बांधलेले व्हॉल्यूम नेऊन ठेवले आणि म्हणाले, उघडून बघा, पान सुटतंय का. त्यातून वकिलांचं काम सुरू झालं, आज आमचा निम्मा धंदा तोच. उस्ताद परत आला तेव्हा त्याला पहिलं काम दिलं ते काकांच्याच जर्नलचं.

२०१६ चा कायदा पण काकांनीच समजावला. सरकारीत आता ४ टक्के, अपंगत्वाचे प्रकार २१ धरलेत, फायद्यासाठी किमान ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट. प्रायव्हेटवर जागांची सक्ती नाही, समान संधीचं धोरण मात्र सगळ्यांनीच लिहून ठेवायचं, वीस किंवा जास्त माणसं असतील तर जास्त तपशिलात. २००८ मध्ये केंद्राने योजना आणली होती, २५ हजारांपर्यंत पगाराचा अपंग माणूस ठेवला तर मालकाचा पीएफ-ईएसआयचा (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विम्याचा) हिस्सा तीन वर्षं सरकार भरणार. चांगलंच आहे, पण सहा माणसांच्या दुकानाला पीएफ-ईएसआय लागूच नाही, म्हणजे जे गल्लीबोळात खरंच माणसं ठेवतात त्यांच्या हाती काय? हे कोणीतरी वर सांगायला हवं.

पोरांनो, यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा, आळस करू नका. आणि इंटरव्ह्यूला अपंगत्व लपवू नका, उलट स्वतःच सांगा की मला अमुक उंचीचा स्टूल लागेल, बाकी काम पूर्ण करीन. पगार बाकीच्यांएवढाच मागा. कमी पगारात राहतो म्हटलं की जन्मभर कमीच मिळतो.

सध्या आम्हाला पर्फोरेशनवर एक जण हवाय. मशीनला मोटर बसवलीय, स्विच हाताशी, काम बसून. दुकान तळमजल्यावर, उंबऱ्याला रॅम्प, संडास आत आणि दार रुंद केलेलं. नंबरिंग येत नसेल तरी चालेल, शिकवू. पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार. सकाळी अकरानंतर या, मी किंवा उस्ताद दुकानात असतो, त्याच्याशी बोलायचं तर काउंटरवर पाटी आणि खडू आहे.