पगाराआधी मी नाइटचं विचारलं

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. हडपसरकडचं 30 खाटांचं हॉस्पिटल थेट आयसीयू द्यायला तयार होतं, पगारही जास्त. अट एकच: ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करायची आणि दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून द्यायचा. दुसरं डेक्कनजवळचं ट्रस्टचं हॉस्पिटल. तिथे मेडिसिन वॉर्ड, पगार कमी.

पप्पा म्हणाले, "आयसीयूचा अनुभव बाहेरदेशी चालतो, घेऊन टाक." त्यांचं चूक नव्हतं. पण मी दोन्हीकडे विचारलं, नाइटला किती पेशंटमागे एक सिस्टर असते आणि सुरुवातीला माझ्यासोबत कोण असेल? हडपसरला उत्तर मिळालं, "शिकशील हळूहळू." व्हेंटिलेटरवरच्या पेशंटजवळ हळूहळू शिकायचं म्हणजे कुणाच्या जिवावर?

ट्रस्टच्या मेट्रन, म्हणजे तिथल्या नर्सच्या प्रमुख, म्हणाल्या, वॉर्ड बघून ये. तिथे एक नवी मुलगी इन्सुलिन भरायला घेत होती. सीनियर सिस्टरनी व्हायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, हातात घेऊन मोठ्याने वाचली, एका मिलीला 100 युनिट. मग सिरिंज बघितली. लाल टोपीची, म्हणजे एका मिलीला 40 युनिटवाल्या इन्सुलिनची. त्या सिरिंजमध्ये 10 च्या रेघेपर्यंत भरलं असतं तर पेशंटला 10 ऐवजी 25 युनिट गेलं असतं. शुगर कुठल्या कुठे उतरली असती. सिस्टर ओरडल्या नाहीत. नारिंगी टोपीची, 100 ची सिरिंज तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता तू वाच." मी तिथेच ठरवलं.

पगाराचा प्रश्न लहान नाही, खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे दर महिन्याला द्यायचेच आहेत. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 खाटांच्या आतल्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान 20,000 रुपये द्यावेत असं सुचवलं होतं. इंटरव्ह्यूला जाताना हा आकडा माहीत असू द्या, आणि तिथे मांडा. सर्टिफिकेट मात्र दाखवून परत घ्या, झेरॉक्स द्या. पुढची नोकरी त्याच कागदांवर मिळणार आहे.

आयसीयू मला हवंच आहे. मेट्रनशी तसं बोलून ठेवलंय, वर्षभर वॉर्ड केल्यावर बदली मागणार.